दोन व्याही आणि एक ढग

विश्रांती घ्यायची ही कल्पना डॉक्टरांची. त्यासाठी पठारावर जायचं ही माझी. दोन्ही म्हाताऱ्यांना बरोबर न्यायचं ही मात्र कुणाचीच नव्हती; ती सर्दी होते तशी आपोआप झाली.

मी तेव्हा नकाशा कार्यालयात होतो. माझं काम समोच्च रेषा काढायचं. डोंगराच्या अंगावरून सारख्या उंचीनं फिरणारी ती बारीक तपकिरी रेघ असते ना, ती. शाळेत मुलं जिला शिव्या घालतात तीच. हातात केसाएवढी निब, समोर भिंग, आणि श्वास रोखलेला. मध्येच शिंक आली की एखाद्या टेकडीला नवा खांदा फुटायचा आणि अख्खा कागद फुकट जायचा. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, पारा वर चढताना बघितला आणि विचारलं, "दिवसभर श्वास रोखून बसता म्हणजे सोडता कधी?"

"जेवायच्या सुट्टीत," मी म्हणालो.

त्यांनी लिहून दिलं : आठवडाभर मोकळी हवा, आणि काहीही करायचं नाही.

मोकळी हवा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच जागा आली. उत्तरेकडचं ते उंच पठार, जिथं सरकारनं राष्ट्रीय उद्यान केलं होतं. त्या उद्यानाचा नकाशा माझा होता. म्हणजे सही साहेबांची, पण प्रत्येक रेघ माझी. तिथली एकेक घळ, एकेक ओहोळ मला तोंडपाठ होता. प्रत्यक्ष मात्र मी तिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्या खात्यात मोजणी करणारे वेगळे आणि रेघा ओढणारे वेगळे. ते डोंगर चढून काळेठिक्कर होऊन परत येत, आणि आम्ही पांढरेफटक राहून त्यांच्या आकड्यांचे डोंगर करत असू.

साहेबांकडे रजा मागायला गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून बघितलं.

"विश्रांतीसाठी रजा? त्यासाठी रजा कशाला? ऑफिस आहे की."

हे ते थट्टेनं बोलले नव्हते.

रजा मिळाली ही बातमी इमारतीत माझ्या आधी पोचली. मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, लोकरीचे कपडे न्या. वरचे गवईबुवा म्हणाले, लोकर अजिबात नको, भिजली की फास लागतो. आणि कसला फास ते त्यांनी गळ्यावर हात फिरवून दाखवलं. खालच्या औषधवाल्यानं एक पिशवी भरून दिली, त्यात सापाच्या विषापासून बोटांच्या भेगांपर्यंत सगळ्यावर उपाय होता. काकू संध्याकाळी पुन्हा आल्या आणि बायकोच्या हातात अर्धवट विणलेला स्वेटर ठेवून म्हणाल्या, "तिथं तुला काही काम नसणार. एवढा पूर्ण करून आण. पाठ झालीय, बाह्या राहिल्यात."

त्याच औषधवाल्यानं स्वतःची मोटारही दिली. उमद्या मनाचा माणूस. किल्ली देताना मात्र त्यानं मला बाजूला घेतलं आणि लेकीला सासरी धाडावं तशा आवाजात म्हणाला, "एकच सांभाळा. चढावर तिला दुसरा गिअर आवडत नाही."

आम्ही पठारावर निघालो होतो. तिथं चढाशिवाय काही नव्हतं.

आता म्हाताऱ्यांचं सांगतो. माझे वडील, तात्या, रेल्वेत गार्ड होते. बायकोचे वडील भूगोलाचे शिक्षक. त्यांना सगळं जग मास्तर म्हणायचं, आम्हीही. दोघंही विधुर, दोघंही निवृत्त, आणि आमच्या लग्नापासून दोघांचं एकमेकांशी वाकडं. कारण विचाराल तर हसाल. लग्नाच्या दिवशी मास्तर स्टेशनवर सहज म्हणाले, "तुमची गाडी जरा उशिरा आली." त्यावर तात्या म्हणाले, "गाडी वेळेवर आली. तुम्ही लवकर आलात." एवढंच. एवढ्यावर दोन शहाण्या माणसांनी अनेक वर्षं काढली. बोलायचे मात्र एकमेकांना अहो-जाहो करून, अगदी आदबीनं. त्या आदबीनं अंगावर काटा यायचा.

बायकोनं वडिलांना फोनवर सांगितलं, आम्ही पठारावर चाललोय. मास्तर म्हणाले, "मी ते पठार आयुष्यभर शिकवलं. बघितलं मात्र नाही." आता यावर कुठली मुलगी 'बरं, ठेवते' म्हणेल? ते येणार असं ठरलं. हे तात्यांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "मला काही वाटायचं कारण नाही. मी राहीन एकटा. भिंती आहेत, छप्पर आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रंक बांधून दारात उभे.

"तुमच्या विश्रांतीचं काय?" बायकोनं मला स्वयंपाकघरात विचारलं.

"मोकळ्या हवेत काय भांडतील ते?" मी म्हणालो. मी आयुष्यभर कागदावरच डोंगर बघितले होते, हे पुन्हा एकदा सांगतो.

मध्ये एक लहानसं काम उरलं होतं. उद्यानात राहायला परवानगी लागते का, हे विचारायला मी उद्यानाच्या शहरातल्या कचेरीत गेलो. खिडकीतले गृहस्थ पेन्सिलीला टोक करत होते. ते म्हणाले, "परवानगी लागत नाही."

मी आभार मानून वळलो.

"पण लागत नाही असा दाखला लागतो," ते म्हणाले.

"तो कुठं मिळतो?"

"पठारावर, चौकीत."

"म्हणजे दाखला घ्यायला उद्यानात जायचं, आणि उद्यानात जायला दाखला हवा?"

त्यांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. "लोक जातात," ते म्हणाले. त्यांच्या या वाक्यात इतका अनुभव भरलेला होता की मी पुढे वाद घातला नाही.

प्रवासाबद्दल एवढंच सांगतो की पुढे मी आणि बायको, मागे ते दोघं, मध्ये ट्रंक. तात्यांनी सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेली. पुढचं बघायची त्यांना सवयच नव्हती. ते गुडघे वळवून मागच्या काचेकडे तोंड करून बसले आणि जे मागे पडलं त्याची वर्दी देऊ लागले. "पूल गेला. फाटक गेलं. एक म्हैस गेली, नीट उभी होती." दुसऱ्या बाजूनं मास्तर पुढे काय येणार ते सांगत होते. "आता उजवीकडे चुनखडी लागेल. आता झाडं खुजी होतील." त्यामुळे मला कायम माहीत होतं की काय गेलं आणि काय येणार; फक्त आत्ता समोर काय आहे तेवढं कुणी सांगत नव्हतं. एका वळणावर समोर मेंढ्या होत्या. मी गाडी थांबवली, आणि पुन्हा निघताना घाईत दुसरा गिअर टाकला.

गाडी रुसली ती रुसलीच. उरलेला चढ आम्ही तिला ढकलत नेली. म्हणजे मी आणि बायको ढकलत होतो, मास्तर चढाचा कोन सांगत होते आणि तात्या मागं उभे राहून हात हलवत होते, सगळं ठीक आहे, जाऊ द्या.

भाड्यानं घेतलेलं घर एका उतारावर होतं. दगडी, बुटकं, दोन खोल्यांचं, भोवती दगडांची सैल भिंत आणि पलीकडे नुसतं गवत, गवत आणि गवत. मालकीणबाईंनी किल्ली दिली, लोखंडी शेगडी दाखवली, म्हणाल्या, "आराम करा हं," आणि निघून गेल्या. त्या वळल्या आणि धुकं आलं. एखाद्यानं ओली चादर टाकावी तसं. भिंत गेली, गवत गेलं, औषधवाल्याची मोटार गेली.

पुढचे काही दिवस मी विश्रांती घेण्याचा प्रयत्न केला. हे काम किती कष्टाचं असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. खिडकीपाशी खुर्ची टाकून मी काही न करता बसायचो. बाहेर काही दिसायचं नाही. मधूनच एक मेंढी काचेला नाक लावून माझ्याकडे बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावरून वाटायचं की हिला माझ्यापेक्षा जास्त जमतंय. शेगडी धूर करायची. धूर झाला की मास्तर खिडकी उघडायचे, कारण हवा खेळती पाहिजे. मास्तरांनी खिडकी उघडली की तात्या बंद करायचे, कारण त्यांचा गुडघा. "गार्डसाहेब, आपण जरा विचार करावा." "मास्तर, आपण जरा पांघरूण घ्यावं." दोघांची एकच खोली. बायकोनं शेवटी खोलीच्या मधोमध दोरी बांधून तिच्यावर ओले मोजे वाळत टाकले, म्हणजे निदान एकमेकांची तोंडं तरी दिसणार नाहीत. मग ते मोज्यांच्या आडून बोलू लागले.

"तुमचा दाब उतरवता उतरवता माझा चढला," बायको मला म्हणाली. ती काकूंच्या स्वेटरची बाही विणत होती. ती बाही गुडघ्यापर्यंत आली होती, कारण थांबलं की म्हाताऱ्यांकडे लक्ष द्यावं लागे.

मग एका सकाळी चहाच्या वेळी मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "केवढा ढग आहे हा."

मोज्यांपलीकडून आवाज आला, "धुकं."

"या उंचीवर त्याला धुकं म्हणत नाहीत, गार्डसाहेब. आपण ढगाच्या आत बसलो आहोत."

"मास्तर, धुक्यातनं मी किती गाड्या काढल्या याची तुम्हाला कल्पना नाही. मला धुकं शिकवू नका."

"ढगाला खालची कड असते. खाली चालत गेलं की तो संपतो आणि डोक्यावर दिसतो. धुकं जमिनीला चिकटलेलं असतं. शास्त्र आहे हे."

"मग जा खाली आणि बघून या."

"मी बघून आलो तर तुम्ही मानणार आहात?"

"अजिबात नाही."

हे मी अर्धवट ऐकलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी प्रथमच मला खुर्चीत डुलकी लागत होती, आणि त्या दोघांचा आवाज लांब लांब जात गेला तेव्हा मला वाटलं, आली एकदाची विश्रांती. तो आवाज खरोखरच लांब चालला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

बायकोनं मला हलवून उठवलं. "बाबा आणि तात्या कुठं आहेत?"

दोघांच्या काठ्या नव्हत्या. मास्तरांचा कोट नव्हता. तात्यांची टोपी मात्र खुंटीवरच होती, आणि तात्या टोपीशिवाय दारातसुद्धा उभे राहत नसत. मी दार उघडून हाका मारल्या. हाक दोन पावलं गेली आणि विरली. आम्ही भिंतीला हात लावून घराभोवती फिरलो. सूप गरम केलं, ते निवलं. पुन्हा गरम केलं.

"बाबांच्या छातीची गोळी इथंच आहे," बायको म्हणाली. ती आता विणत नव्हती.

चौकी रस्त्यानं खाली होती. आम्ही जवळजवळ पळत गेलो. चौकीवरच्या बाई धिप्पाड होत्या. पायांत गुडघाभर बूट, समोर चहाचा कप आणि पाठीमागे भिंतीवर, काचेत, माझा नकाशा. मी धापा टाकत सांगितलं की दोन वृद्ध गृहस्थ हरवले आहेत.

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"अंधार पडेपर्यंत आम्ही त्यांना हरवलेले धरत नाही," बाई म्हणाल्या. "फिरायला गेलेले धरतो. तुमच्याकडे दाखला आहे का?"

"कसला?"

"परवानगी लागत नाही असा."

मी काय बोललो असतो कोण जाणे. बायको पुढे झाली. ती आवाज न चढवता म्हणाली, "बाई, एकाचा गुडघा वाकत नाही आणि एकाच्या छातीत दुखतं. दोघंही हट्टी आहेत. कुणीही आधी 'परत फिरू' म्हणणार नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "नातं काय त्यांचं?"

"व्याही."

"मग नाहीच म्हणणार," बाई म्हणाल्या, आणि खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकून उठल्या.

इथं मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरूनच होतं. मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणालो, "ते उतारानं खाली गेले असणार. इथून. या सगळ्या रेषा मीच काढल्यात."

"तुम्ही?" बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आदर दिसला. "मग पुढं व्हा."

आयुष्यात मला कुणी 'पुढं व्हा' म्हटलं नव्हतं. मी पुढं झालो. धुक्यात छाती काढून चाललो. मनातल्या मनात नकाशा उलगडला : आता रेषा विरळ होतील, म्हणजे सपाटी, मग ओहोळ, ओहोळाच्या अलीकडे ती लहान लहान निळी चिन्हं, तीन आडव्या रेघा आणि वर गवताचा झुबका. फार सुबक चिन्ह आहे ते. मी शेकड्यांनी काढली होती. त्याचा अर्थ दलदल असा होतो हे मला पूर्ण माहीत होतं, आणि हा विचार मनात पुरा व्हायच्या आत मी कमरेपर्यंत तिच्यात होतो.

"हलू नका," बाई मागून म्हणाल्या.

मी हलत नव्हतो. मला फक्त बूट सोडून जात होते. दलदलीत माणूस बुडण्याआधी त्याची अब्रू बुडते. बाईंनी दोर टाकला, मी तो काखेत घेतला, बायको आणि बाई मागे रेलल्या, आणि अशा अवस्थेत, म्हणजे नकाशा कार्यालयाचा एक जबाबदार कर्मचारी मुळ्यासारखा उपटला जात असताना, मला धुक्यातून ऐकू आलं,

"ढग!"

आणि त्यापाठोपाठ, तितक्याच जोरानं, "धुकं! धुकं! धुकं!"

बायकोच्या हातातला दोर सैल पडला आणि मी पुन्हा थोडा आत गेलो, पण त्याचं मला काही वाटलं नाही. लग्नापासून त्या दोघांचं भांडण ऐकून मी कानांवर उशी दाबत आलो होतो. त्या दिवशी चिखलात उभा राहून ते ऐकताना माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. इतकं गोड मी काही ऐकलं नव्हतं.

"आवाजाच्या रोखानं चला," बाई म्हणाल्या. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या पायांत एकच बूट होता. आता पुढं कोण होणार हा प्रश्न कुणी काढला नाही.

ओहोळाच्या पलीकडे बिनछपराचा दगडी मेंढवाडा होता. आत दहा-बारा मेंढ्या आणि आमचे दोघं. तात्या भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेले. गुडघा सुजून नारळाएवढा झालेला. अंगावर मास्तरांचा कोट. आणि मास्तर नुसत्या सदऱ्यावर, एक मेंढी पोटाशी ओढून घेऊन थरथरत बसलेले. ओठ निळे, पण तोंड चालूच.

बायकोनं धावत जाऊन वडिलांच्या तोंडात गोळी घातली आणि आपली शाल त्यांना गुंडाळली.

"यांना सांग," तात्या तिला म्हणाले, "कोट नको म्हणून मी ओरडून ओरडून सांगतोय. ऐकतील तर शपथ."

"गार्डसाहेब टोपी विसरून आले होते," मास्तर म्हणाले. त्यांच्या दातांवर दात आपटत होते. "मग काय करणार?"

मला आता रागही यायला लागला होता. माणसाची भीती ओसरली की त्या जागी राग येऊन बसतो. मी म्हणालो, "तुम्हाला इथंसुद्धा भांडायला सुचतं? मदतीला हाका मारायच्या सोडून?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि मग मास्तर, थोडे लाजत, म्हणाले, "तेच करत होतो. पण हाक मारायची म्हणजे ओरडायचं काय? 'वाचवा वाचवा' म्हणायला गार्डसाहेबांना लाज वाटत होती."

"मास्तरांनापण," तात्या म्हणाले.

"मलापण. मग मी म्हटलं, आपण भांडू या. भांडताना आपला आवाज आपोआप चढतो."

"दुपारपासून भांडतोय," तात्या म्हणाले. "मध्ये हे दमले होते. डोळे मिटायला लागले. मग मी त्यांच्या शाळेवरून बोललो."

चौकीवरच्या बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि उगाचच दोर गुंडाळत राहिल्या.

तात्यांना बाईंनी पाठुंगळीला घेतलं. त्यांनी त्यालाही हरकत घेतली, पण घेताना गळ्याभोवती हात घट्ट धरला. मास्तरांना आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलं. घर वर राहिलं होतं आणि चौकीची जीप खालच्या रस्त्याला होती, म्हणून आम्ही खाली निघालो. अगदी हळू, मी एका बुटानं लंगडत. थोडं उतरलो असू, आणि एकाएकी सगळं पांढरं डोक्यावरून उठलं. समोर लख्ख ऊन. खाली दरी, तिच्यात चमकणारा ओढा, ठिपक्यांएवढ्या मेंढ्या, आणि वर, हात उंच केला तर लागेल असं, एक मोठं सपाट छप्पर. कड अगदी स्वच्छ दिसत होती.

ढगच होता. भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखा.

मी आणि बायको जमिनीकडे बघत होतो. आता हा माणूस काय काय बोलेल आणि तो पाठीवरचा माणूस ते कसं सोसेल! मास्तर थांबले. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. वर बघितलं. मग तात्यांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं.

"धुकंच आहे," मास्तर म्हणाले.

तात्या बाईंच्या पाठीवरून कडाडले, "काय बोलताय मास्तर! डोळे तपासून घ्या. ढग आहे तो! कड दिसत नाही तुम्हाला?"

"ती कड नव्हे. भास आहे."

"भास? आयुष्यभर मुलांना हेच शिकवलंत?"

आणि ते सुरू झाले. जीपमध्ये तेच, दवाखान्यात गुडघ्याला पट्टी बांधताना तेच. फरक इतकाच की आता तात्या ढगाचे होते आणि मास्तर धुक्याचे. बायको पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती हे मी विचारलं नाही, कारण माझंही मला कळत नव्हतं.

परत आल्यावर डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला. पारा शहाण्यासारखा जागच्या जागी थांबला. "बघा," डॉक्टर म्हणाले, "काही न करण्याचा परिणाम." काकूंच्या स्वेटरची एक बाही त्यांच्या पोटरीपर्यंत येत होती, त्यांनी आठवडाभर अबोला धरला. औषधवाल्यानं मोटारीच्या अंगावरून हात फिरवत विचारलं, "दुसरा टाकला होतात ना?" तिनं त्याला कसं सांगितलं कोण जाणे.

दुसऱ्या वर्षी त्याच सुमाराला तात्यांनी ट्रंक काढली. मी म्हटलं, मला रजा नाही. "तुला कोण नेतंय?" तात्या म्हणाले. ते आणि मास्तर, दोघंच गेले. त्यानंतर दर वर्षी. मालकीणबाई ते दगडी घर त्यांच्यासाठी राखून ठेवत. चौकीवरच्या बाई जाता-येता डोकावत. तिथं दोघं काय करत ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. परत आले की आम्हाला वेगवेगळं गाठून एकमेकांच्या तक्रारी सांगत. मास्तर खिडकी उघडी ठेवतात. गार्डसाहेब घोरतात. पुढच्या वर्षी काही मी त्यांच्याबरोबर जायचा नाही, असं दोघंही म्हणत.

मास्तर एका हिवाळ्यात गेले. झोपेतच. तात्या अंत्ययात्रेला पुढं चालले, सगळ्यांच्या पुढं.

त्या वर्षी पठारावर जायची वेळ आली तेव्हा तात्यांनी ट्रंकेचं नाव काढलं नाही. मीच रजा टाकली. साहेब बदलले होते, नव्या साहेबांनी कारण विचारलं नाही. मी आणि तात्या, दोघंच गेलो. हवा स्वच्छ होती, चारी बाजूंना पठार उलगडलेलं. तात्या भिंतीवर बसून राहिले. मी चहा दिला, त्यांनी घेतला. मी खिडकी उघडली, त्यांनी बंद केली नाही. तो चांगुलपणा मला बघवेना.

समोर, गवताच्या वर, एक पक्षी हवेत स्थिर झाला होता.

"घार आहे," तात्या म्हणाले. सांगण्यासारखं काही नसताना माणूस सांगतो तसं.

मी धीर केला. "तात्या, घार नाही ती. ससाणा आहे."

तात्यांनी बघितलं. "असेल," म्हणाले.

माझा आवाज खाली आला. "नाही, म्हणजे... तुम्ही म्हणताय तर घारच असेल."

तात्या माझ्याकडे वळले. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"अरे, एकदा ससाणा म्हणालास ना? मग मागं काय येतोस? तुला नीट भांडता येत नाही." त्यांनी कप भिंतीवर ठेवला. सरसावून बसले. "चल, परत म्हण."

"ससाणा," मी म्हणालो.

"मोठ्यानं."

"ससाणा!"

"साफ चूक!" तात्या गरजले, "घार! घार!" आणि इतक्या जोरानं गरजले की ते जे काही होतं ते पंख मिटून दरीत उतरलं आणि दिसेनासं झालं. पुरावाच उरला नाही. त्यामुळे आम्हाला संध्याकाळपर्यंत भांडता आलं.